स्टीव्ह कार्लटन मुका नव्हता

बेसबॉलच्या गप्पांमध्ये हमखास ऐकू येतं: फिलाडेल्फिया फिलीज संघाचा डावखुरा पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा) स्टीव्ह कार्लटन आयुष्यात कधी पत्रकारांशी बोललाच नाही आणि याचा सूड त्यांनी त्याच्यावर उगवला. दोन्ही गोष्टी चूक आहेत, आणि इतक्या मोठ्या खेळाडूबद्दल त्या पसराव्यात याचं मला वाईट वाटतं.

1972 साली फिलीजनी अख्ख्या हंगामात 59 सामने जिंकले. बेसबॉलमध्ये विजय पिचरच्या नावावर लागतो, आणि त्यातले 27 एकट्या कार्लटनच्या नावावर! संघ तळाला, आणि हा 310 फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, करतोय. तेव्हा तो पत्रकारांशी बोलत होता. पुढे टीका बोचू लागली तसं त्यानं बोलणं कमी केलं, मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पूर्ण बंद. अबोला होता तो पत्रकारांशी, सहकाऱ्यांशी नव्हे. सराव मात्र जगावेगळा: तांदळानं भरलेल्या पिंपात हात खुपसायचा आणि मनगट फिरवत फिरवत तळापर्यंत न्यायचा. कोरडे तांदूळ मुठीत घट्ट दाबून बघा, म्हणजे त्यातली मेहनत कळेल.

1986 मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे गेल्यावर त्यानं पत्रकार परिषद घेऊन मौन सोडलं.

राहिला सूड. हंगामातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार पत्रकारांच्याच मतांवर ठरतो. कार्लटनला तो चारदा मिळाला, त्यातला 1980 आणि 1982चा तर ऐन अबोल्याच्या काळात. 1994 मध्ये, पात्र झाल्याच्या पहिल्याच वर्षी, 95 टक्क्यांहून जास्त मतांनी त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, पाठवलं, तेही पत्रकारांनीच.