चेंडूला आधी पाय लागला, तरी फाऊल होतो

“आधी चेंडूला पाय लागला की फाऊल नाही, मग पेनल्टी कसली?” फुटबॉलची मोठी स्पर्धा आली की हा मेसेज नागपूरच्या ग्रुपांवर फिरतोच, आणि सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर रेफरीच्या नावाने शंख होतो. समज उगाच पसरलेला नाही. टॅकल म्हणजे समोरच्याच्या पायातला चेंडू हिसकावणं; चेंडू नीट काढून घेतलेला टॅकल बहुतेक वेळा वैधच असतो.

पण फुटबॉलच्या 17 नियमांपैकी 12वा वाचा, नेटवर फुकट मिळतो. ‘आधी चेंडू’ अशी सूट त्यात कुठेही नाही. रेफरी पाहतो ते वेगळंच: टॅकल निष्काळजी होता, बेदरकार होता, की त्यात अतिरेकी जोर होता? निष्काळजी असेल तर नुसता फाऊल, बेदरकार असेल तर पिवळं कार्ड म्हणजे ताकीद, अतिरेकी जोर असेल तर लाल, म्हणजे थेट मैदानाबाहेर. हेच बचावपटूने स्वतःच्या गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रात केलं, की पेनल्टी.

नागपूरकडच्या मोमीनपुरा-कामठीत खेळलेल्यांना हे पायानेच कळतं. घसरत आलेल्याच्या बुटाचं टोक चेंडूला लागतं, चेंडू हातभर सरकतो आणि तोच पाय बुटाखालच्या टोकदार स्टडसकट समोरच्याच्या नडगीवर बसतो. चेंडू मिळाला हे खरं, नडगी सोलली हेही खरं. मला तर हा फाऊल द्यायलाच हवा असं वाटतं. पाय मोडला तर पोराचा अख्खा सीझन जातो.

पुढच्या वेळी रिप्ले चेंडूला स्पर्श झाला तिथे थांबवू नका. त्यानंतरचा अर्धा सेकंद बघा: पाय किती उंच होता, वेग किती होता, अंगावर ताबा होता का.