२५६ च्या दोन घ्या

वीसेक वर्षांपूर्वी पेंटियम ४ प्रोसेसरच्या कॉम्प्युटरसाठी रॅम आणायला बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत गेलो होतो. प्रोसेसरच्या खोक्यावर छापलं होतं ८०० मेगाहर्ट्झ बस (प्रोसेसरला मदरबोर्डशी जोडणारा माहितीचा रस्ता) आणि काउंटरवर आलेल्या ५१२ एमबीच्या पट्टीवर डीडीआर ४००. निम्म्या वेगाची रॅम गळ्यात मारतोय की काय, असं मी बोलूनही दाखवलं. दुकानदार मान वर न करता म्हणाला, "ही नका घेऊ. २५६ च्या दोन घ्या." पुण्यातला दुकानदार आपणहून सल्ला देतो म्हटल्यावर संशय बळावणारच. पडून राहिलेला माल खपवत असेल! पण त्याचं बरोबर होतं.

गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तिथे घटकाभर थांबून ऐका. ठेका सगळ्यांचा एकच. त्यात ढोलवाला टिपरूचा एक आणि थापीचा एक असे दोन आवाज काढतो, तेवढ्यात ताशाच्या चार काड्या पडून जातात. तरी कोणी पुढे-मागे होत नाही. माझ्या मशीनचा ठेका होता २०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २० कोटी ठोके. प्रोसेसरची बस प्रत्येक ठोक्यात चारदा माहिती पाठवायची, म्हणून ८००. रॅम दोनदा, ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा, म्हणून ४००. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट, त्यातला 'डबल' तो हाच.

ठेका जुळला, पण माल? दोन्हीकडचा रस्ता ६४ बिटांचा, म्हणजे एका खेपेला ८ बाइट. बसच्या ८० कोटी खेपांत सेकंदाला ६.४ गिगाबाइट माल जाऊ शकतो, एका पट्टीच्या ४० कोटी खेपांत ३.२. (पट्टीवर 'पीसी ३२००' असायचं ते ह्याच हिशेबाने, मेगाबाइटमध्ये.) मदरबोर्डला दोन चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणारे दोन वेगळे रस्ते, असतील आणि दोन्हींत एकेक पट्टी असेल तर दोघी मिळून बरोबर ६.४ भरतात. ५१२ ची एकच पट्टी लावली असती तर बस निम्मी रिकामी धावली असती.

ठेका न जुळणारी रॅम चालतच नाही, असं मात्र नव्हे. त्या काळच्या इंटेल ८६५ चिपसेटवर (प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणारी मदरबोर्डवरची चिप) डीडीआर ३३३ लावली, की बसच्या ५ ठोक्यांना रॅमचे ४ असं प्रमाण बसायचं आणि ती ३२० वरच चालायची.

पुढे ती बसच गेली. रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलर चिपसेटमधून प्रोसेसरच्या पोटात आला. एएमडीने २००३ मध्ये अॅथलॉन ६४ मध्ये आणला, इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ मध्ये. दुपटीचा घोळ मात्र आहे तसाच. डीडीआर४ ३२०० ची रॅम घेतलेला माणूस सीपीयू-झेड हे मशीनची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडतो, १६०० बघतो आणि फसवलं म्हणून दुकानात फोन लावतो. दुप्पट करा, आकडा जुळेल. दुपटीनंतरही २१३३ किंवा २६६६ च येत असेल तर बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा छापील वेग लागू करणारं सेटिंग, चालू केलंय का ते आधी बघा.

एका बाबतीत मात्र फारसं काही हललेलं नाही. रॅमला पत्ता दिला की माहितीचा पहिला तुकडा बाहेर यायला काही ठोके जातात. डीडीआर ४०० मध्ये ३ ठोके, प्रत्येक ५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे १५. आजच्या साध्या डीडीआर४ ३२०० मध्ये २२ ठोके, प्रत्येक ०.६२५ चा. गुणाकार करा, १३.७५ येतात. ठेका आठपट जलद झाला, पण पहिली काडी पडायला अजून जवळपास तेवढाच वेळ लागतो.