फोटो-व्हिडिओ व्हायरल करण्याची धमकी आली तर: सायबर तक्रार कुठे, कशी आणि कोणत्या पुराव्यांसह करायची

‘पैसे पाठव, नाहीतर व्हिडिओ तुझ्या सगळ्या नातेवाइकांना जाईल.’ अशा मेसेजच्या शेवटी बहुतेक वेळा मुदत घातलेली असते, दहा मिनिटांची किंवा अर्ध्या तासाची. ही घाई मुद्दाम केलेली असते. समोरच्याने कुणाला विचारू नये, लाजेपोटी गुपचूप पैसे टाकावेत, एवढ्यासाठीच ती असते. म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगायला हवी: तक्रार करण्यासाठी तुमचे स्वतःचे वागणे बिनचूक होते हे सिद्ध करावे लागत नाही. फोटो तुम्हीच पाठवला असेल, अनोळखी नंबरचा व्हिडिओ कॉल तुम्हीच उचलला असेल, तरी कायद्यासमोर धमकी देणारा आरोपी असतो आणि तुम्ही तक्रारदार.

तक्रार कोण करू शकते

कुणीही. स्त्री, पुरुष, तृतीयपंथी, कोणत्याही वयाची व्यक्ती. ब्लॅकमेल करणाऱ्याचे खरे नाव माहीत नसले तरी चालते, तो शोधणे पोलिसांचे काम आहे. फोटो खरा नसून मॉर्फ केलेला (दुसऱ्या चित्राला चेहरा जोडून बदललेला) किंवा एआयने बनवलेला असला तरी तक्रार होते. आणि अजून एक रुपयाही दिलेला नसला तरीही होते. हे शेवटचे फार जणांना ठाऊक नसते. ‘अजून काही घडलेच नाही, मग तक्रार कसली करणार’ असे म्हणून लोक थांबतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये खंडणीचा गुन्हा आहे. पैसे उकळले असतील तर त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण खंडणीसाठी नुसती भीती घालणे हाही त्याच कलमात वेगळा गुन्हा आहे. बदनामीची धमकी कलम ३५१ खाली येते आणि ती ओळख लपवून दिलेली असेल तर शिक्षा वाढते.

फोटो किंवा व्हिडिओ खरोखर पसरवला गेला तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधली कलमे लागतात: खासगी अवयवांचे चित्र संमतीशिवाय काढणे किंवा पाठवणे यासाठी ६६ई, अश्लील मजकुरासाठी ६७, लैंगिक कृत्य दाखवणाऱ्या मजकुरासाठी ६७ए. स्त्रियांच्या बाबतीत न्याय संहितेचे कलम ७७ आणखी स्पष्ट बोलते. फोटो काढायला संमती होती, पण तो इतरांना दाखवायला नव्हती, तर तो पसरवणे हा गुन्हाच आहे. ‘तूच तर काढू दिला होतास’ या वाक्याला कायद्याने दिलेले हे सरळ उत्तर आहे.

ब्लॉक करण्याआधी पुरावा

घाबरलेला माणूस आधी सगळे डिलीट करतो. ते करू नका. चॅट गेले की धमकी कुणी दिली, किती मागितले, कधी मागितले, सगळेच जाते. डिसअपिअरिंग मेसेज (ठरावीक वेळेनंतर आपोआप पुसले जाणारे) चालू असतील तर ते आधी बंद करा.

स्क्रीनशॉट घेताना वरचे नाव, तारीख आणि वेळ दिसू द्या. मधले मेसेज वगळू नका, तुमची स्वतःची उत्तरेही राहू द्या. अर्धवट चॅटवर पुढे शंका घेतली जाते. काही ॲपमध्ये स्क्रीनशॉट घेतल्याचे समोरच्याला कळते, काही ठिकाणी तो घेताच येत नाही. तिथे दुसऱ्या फोनने स्क्रीनचा व्हिडिओ काढा.

प्रोफाइलवर दिसणारे नाव आणि डीपी यांना फारशी किंमत नाही, ती कधीही बदलता येतात. खरा उपयोग प्रोफाइलच्या लिंकचा आणि युजरनेमचा होतो. ती लिंक कॉपी करून ठेवा. फोटो कुठे टाकला असेल तर त्या पोस्टची लिंकही वेगळी घ्या. मोबाइल नंबर, ईमेल, यूपीआय आयडी, क्यूआर कोड, बँक खाते, जे जे त्याने पाठवले ते सगळे जपा. पैसे घ्यायला त्याला कुठले तरी खाते द्यावेच लागते, आणि तपासाचा धागा पुष्कळदा तिथूनच सापडतो.

एवढे झाल्यावर त्याचे अकाउंट त्या ॲपमध्ये रिपोर्ट करा, मग ब्लॉक करा आणि स्वतःची फ्रेंडलिस्ट व फॉलोअर्सची यादी लपवा. त्याच्याशी वाद घालणे, विनवण्या करणे, ‘थोडे देतो, मग थांब’ म्हणणे यातून हाती काही लागत नाही. एकदा पैसे मिळाले की हा माणूस देतो हे त्याला कळते, आणि पुढची मागणी येते.

मूळ फोन फॉरमॅट करू नका, विकू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. पोलीस तो नमुना भरून मागतील तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

पैसे गेले असतील तर आधी १९३०

हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन क्रमांक आहे. पैसे पाठवले असतील तर पोर्टलवरचा अर्ज नंतर, फोन आधी. तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांकडे आणि वॉलेट कंपन्यांकडे जाते आणि रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवण्याचा प्रयत्न होतो. इथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते. फोन करताना बँकेचे नाव, व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर किंवा ट्रान्झॅक्शन क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम समोर ठेवा.

पोर्टलवरची तक्रार

सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे केंद्रीय गृह मंत्रालयाचे पोर्टल आहे. तक्रार तिथून संबंधित राज्याच्या पोलिसांकडे जाते. महिला व मुलांशी संबंधित गुन्हे, आर्थिक फसवणूक आणि इतर सायबर गुन्हे असे विभाग आहेत. स्त्री किंवा मुलाच्या लैंगिक फोटो-व्हिडिओचा विषय असेल तर पहिल्या विभागात नाव न सांगता तक्रार करण्याचीही सोय आहे. मात्र निनावी तक्रारीचा पुढे मागोवा घेता येत नाही, आणि पोलिसांना तुम्हाला काही विचारायचे झाले तर तेही जमत नाही. गुन्हा नोंदवून आरोपीपर्यंत पोहोचायचे असेल तर मोबाइल नंबरवर ओटीपी घेऊन, नावानिशी तक्रार करणे अधिक उपयोगी, असे माझे मत आहे.

लागणारी कागदपत्रे थोडीच आहेत. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी एकाची प्रत, पुराव्यांच्या फाइल (प्रत्येकी १० एमबीच्या आत), पैसे गेले असतील तर व्यवहाराचा तपशील, आणि संशयिताबद्दल जे काही माहीत असेल ते. घटनेचे वर्णन किमान २०० अक्षरांचे लागते आणि त्यात विशेष चिन्हे चालत नाहीत. ते आधीच साध्या शब्दांत लिहून ठेवा: ओळख कुठे आणि कधी झाली, धमकी कोणत्या तारखेला आली, नेमके काय मागितले, काय दिले. भावना कितीही तीव्र असल्या तरी इथे क्रम महत्त्वाचा. शेवटी पोचक्रमांक मिळतो, तो जपा.

पोलीस ठाण्यात

पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. धमक्या चालूच असतील किंवा देणारा ओळखीचा असेल, तर पोचक्रमांक घेऊन थेट जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सायबर पोलीस ठाण्यात जा. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर मान्य करू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय सुरू करू शकतात) माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. ईमेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गानेही ती देता येते, मात्र तीन दिवसांत त्यावर सही करावी लागते. छुपे चित्रण, पाठलाग, लैंगिक छळ यांसारख्या गुन्ह्यांत पीडित स्त्रीची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते.

इथे एक बारकावा आहे. तक्रारीत तुम्ही फक्त ‘बदनामीची धमकी देतो’ एवढेच सांगितले तर प्रकरण अदखलपात्र ठरून हातात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) पडू शकते, आणि एनसीवर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. पैशांची मागणी झाली असेल तर ती रकमेसह, मेसेज दाखवून जबाबात आलीच पाहिजे, कारण खंडणी दखलपात्र आहे. सही करण्याआधी जबाब पूर्ण वाचा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. फोन ताब्यात घेतला तर पंचनाम्याची प्रतही मागा.

एक सावधगिरी. ब्लॅकमेल सुरू झाल्यावर काही दिवसांनी ‘सायबर सेलमधून बोलतोय, व्हिडिओ कॉलवरच्या त्या मुलीने आत्महत्या केली, तुमच्यावर केस आहे’ असा फोन येऊ शकतो, किंवा व्हिडिओ काढून टाकण्याचे ‘शुल्क’ मागितले जाते. तीच टोळी पोलीस बनून बोलत असते. पोलीस फोनवर पैसे मागून केस मिटवत नाहीत, आणि ‘डिजिटल अटक’ (व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवून केलेली तथाकथित अटक) नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही. हा नंबरही पुराव्यात जोडा.

फोटो हटवण्यासाठी

पोलिसांची वाट न पाहता ही बाजू त्याच दिवशी हाती घ्या. प्रत्येक मोठ्या प्लॅटफॉर्मला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आले तेव्हा नग्नता किंवा लैंगिक कृत्य दाखवणारा मजकूर पीडिताच्या तक्रारीनंतर २४ तासांत हटवण्याचे बंधन त्यात होते, आणि मॉर्फ केलेले फोटोही त्यात धरलेले आहेत. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येते.

फोटो अजून पसरलेला नसेल आणि तुम्ही १८ वर्षांवरील असाल तर ‘स्टॉपएनसीआयआय’ ही मोफत सेवा वापरा. ती फोटोचा डिजिटल ठसा तुमच्याच फोनवर तयार करते. फोटो कुणाकडेही जात नाही, फक्त ठसा जातो आणि सहभागी प्लॅटफॉर्म तो जुळवून फोटो अडवतात. १८ वर्षांखालील वयात काढलेल्या फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ आहे.

पीडित मूल असेल तर

पालकांनो, आधी रागवू नका. मुलाने सांगितले, हेच मोठे आहे. १८ वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा लागतो. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, साध्या कपड्यांतल्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मुलाचा तो फोटो स्वतः कुणालाही, अगदी ‘पुरावा’ म्हणून नातेवाइकालाही, फॉरवर्ड करू नका. तसे करणे गुन्हा ठरू शकते. फोन तसाच पोलिसांकडे न्या. चाइल्डलाइन १०९८ वर मदत मिळते. मूल किंवा मोठे कुणीही खचून जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागले तर त्यांना एकटे सोडू नका, १४४१६ या टेलिमानस (मानसिक आरोग्य मदत) क्रमांकावर लगेच बोला. तातडीचा धोका असेल तर ११२.

गुन्हा नोंदवून घेतला नाही तर

लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवा आणि पोच ठेवा. आयुक्तालयाच्या हद्दीत ती उपायुक्तांकडे द्या. तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळू शकतो. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही. या मोफत विधी सेवेचा हेल्पलाइन क्रमांक १५१००.