पॅराबेन आणि हॉर्मोन

पॅराबेन हा पॅरा-हायड्रॉक्सिबेंझोइक आम्लाच्या एस्टरांचा गट. क्रीम, लोशन, शांपू अशा पाणी असलेल्या प्रसाधनांत बुरशी व जिवाणू वाढू नयेत यासाठी तो परिरक्षक म्हणून घालतात. नुसत्या खोबरेल तेलाला किंवा कोरड्या उटण्याला त्याची गरज नसते. तेच उटणे कालवून डबीत भरले की लवकरच आंबते. मेथिल आणि प्रोपिल पॅराबेन बहुधा जोडीने वापरतात, कारण पहिला पाण्यात जास्त विरघळतो आणि दुसरा थोड्या मात्रेत अधिक प्रभावी ठरतो.

इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन पेशीतील ज्या प्रथिनाला (ग्राहीला) चिकटून काम करते, त्याला पॅराबेनही चिकटतो, म्हणून तो हॉर्मोनच्या कामात ढवळाढवळ करतो अशी शंका. कार्बनसाखळी लांबेल तसा (मेथिल, एथिल, प्रोपिल, ब्यूटिल या क्रमाने) हा गुण वाढतो. मेथिल सर्वांत दुबळा. १९९८ मधील यीस्टवरच्या चाचणीत ब्यूटिल पॅराबेन इस्ट्राडायोल या शरीरातील मुख्य इस्ट्रोजेनच्या सुमारे १०,००० पट दुबळा ठरला. त्वचेतील व यकृतातील विकरे (एन्झाइम) पॅराबेनचे विघटन करतात आणि बराचसा भाग दिवसभरात लघवीवाटे निघून जातो. मात्र साबणापासून लोशनपर्यंत रोज नवी भर पडत राहते, त्यामुळे लघवीत तो सतत सापडतो.

२००४ मध्ये स्तनांच्या २० गाठींत पॅराबेन आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि घबराट पसरली. त्या तपासणीत निरोगी ऊतींशी तुलनाच नव्हती. पॅराबेनमुळे कर्करोग होतो, असे त्यावरून म्हणता येत नाही.

संपर्क कमी करता येतो, हे मात्र मोजून दाखवलेले आहे. कॅलिफोर्नियात १०० किशोरवयीन मुलींना तीन दिवस लेबलावर पॅराबेन नसलेली पर्यायी प्रसाधने दिली. त्यांच्या लघवीतील मेथिल व प्रोपिल पॅराबेन सुमारे ४५ टक्क्यांनी घटले (२०१६). एथिल व ब्यूटिल मात्र वाढले! लेबलावर न लिहिलेले घटक किंवा बदली परिरक्षक यामागे असू शकतात.

युरोपीय संघात एका पॅराबेनची मर्यादा ०.४ टक्के, मिश्रणाची ०.८ टक्के, प्रोपिल व ब्यूटिल मिळून ०.१४ टक्के (सर्व आकडे आम्लाच्या हिशेबाने). तीन वर्षांखालील मुलांच्या लंगोटाच्या जागी लावून ठेवायच्या प्रसाधनांत हे दोन्ही २०१४ च्या नियमाने बंद झाले. तिथली त्वचा ओली, चोळवटलेली आणि झाकलेली असते, म्हणून शोषण जास्त.

लेबल वाचताना ‘पॅराबेन’ने संपणारी नावे शोधावीत. एक टक्क्यापर्यंतचे घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात, त्यामुळे यादीतील जागेवरून मात्रा कळत नाही. ‘परफ्यूम’ या एका शब्दामागे डायएथिल थॅलेट (सुगंध टिकवणारे, हॉर्मोनबाबत अशीच शंका असलेले रसायन) दडलेले असू शकते.

‘पॅराबेनमुक्त’ म्हणजे परिरक्षकमुक्त नव्हे. पॅराबेनऐवजी मेथिलआयसोथायाझोलिनोन या दुसऱ्या परिरक्षकाचा वापर वाढला, तशी त्वचेची ॲलर्जी युरोपभर इतकी फोफावली की अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्याच्यावर बंदी घालावी लागली. उलट, अमेरिकेतील संपर्क-त्वचाशोथ संघटनेने २०१९ मध्ये पॅराबेनना वर्षाचा ‘अ-ॲलर्जीकारक’ ठरवले.