मेरिनो मेंढ्यांची निवड-पैदास

बारीक लोकर देणारे एडके व मेंढ्या पिढ्यानपिढ्या निवडून त्यांच्यापासूनच कळप वाढवण्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मूळची स्पेनमधील मेरिनो ही जात. रानटी मेंढीच्या अंगावर वर राठ केस आणि त्यांखाली मऊ लव असे दोन थर असतात व दरवर्षी ते झडतात. मेरिनोत राठ थर जवळजवळ नाहीसा झाला असून लोकर न झडता वाढतच राहते. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबराजवळ सापडलेल्या, कित्येक वर्षे न कातरलेल्या एका मेंढ्याच्या अंगावरून ४१.१ किलो लोकर उतरली, ती यामुळेच.

हा बदल मुळात कातडीत घडला. केस ज्यातून उगवतो त्या कातडीतील खळग्याला केशपुटक म्हणतात. प्रत्येक प्राथमिक (मुख्य) केशपुटकाभोवती दुय्यम पुटके असतात; इतर बऱ्याच जातींत ती तीन ते सहा, तर मेरिनोत सुमारे वीस किंवा त्याहून अधिक असतात. पुटके जितकी दाट, तितका तंतू बारीक. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा धरला, तर मेरिनोचा तंतू बहुधा २४ मायक्रॉनच्या आत आणि उत्तम प्रतीत १७ च्या आसपास असतो. तंतूची जाडी बरीचशी आनुवंशिक असल्याने निवडीचा परिणाम काही पिढ्यांतच दिसतो. पूर्वी पारखी माणूस खांद्यावरची लोकर दोन्ही हातांनी फाकवून तिच्यातील नागमोडी वळ्या पाहून प्रत ठरवी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम मोजणी-यंत्रांकडे गेले.

स्पेनने दीर्घकाळ या मेंढ्या देशाबाहेर जाऊ दिल्या नाहीत. १७६५ मध्ये त्या जर्मनीतील सॅक्सनीत, १७८६ मध्ये फ्रान्समधील रॅम्बुइए येथे आणि १७९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपमार्गे ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये पोहोचल्या. सॅक्सनीत लोकर अतिशय बारीक झाली, पण जनावर नाजूक राहिले. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मैदानांवर मात्र पेपिन या पैदासकार कुटुंबाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोठ्या अंगाची, किंचित जाड लोकरीची मेंढी घडवली आणि तीच तिथे टिकली.

निवड एका गुणाची केली तरी तिच्यासोबत इतर गुणही ओढले जातात. तंतू बारीक करत गेल्यास एकूण लोकरीचे वजन घटण्याकडे कल असतो, आणि दुष्काळात चारा कमी पडला की बारीक तंतू त्या काळात वाढलेल्या भागापाशी तुटतो. याहून महाग पडला तो १८८० च्या दशकातला व्हरमाँट (अमेरिकेतील एक राज्य) येथील मेरिनो एडक्यांचा सोस. कातडी जितकी सुरकुतलेली तितकी जास्त लोकर, या हिशेबाने अमेरिकेतून हे एडके ऑस्ट्रेलियात आणले गेले. वजन वाढले खरे, पण त्यात चिकट मेणाचा वाटा मोठा होता. लोकर एकसारखी नव्हती आणि घड्यांवरून कात्री चालवणेही अवघड झाले. शेपटीखालच्या, मलमूत्राने ओल्या राहणाऱ्या घड्यांत ल्युसिलिया क्युप्रिना ही माशी अंडी घालते व तिच्या अळ्या जिवंत मांस कुरतडतात. त्यावर १९३० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील मेंढपाळ जॉन म्युल्स याने शेपटीभोवतीची कातडी कापून काढण्याचा उपाय सुचवला, तो म्युल्सिंग म्हणून रूढ झाला. माणसाच्या निवडीने आलेल्या घड्या सुरीने काढण्याचा हा प्रकार वेदनादायक असल्याने त्यावर सतत टीका झाली आणि न्यूझीलंडने २०१८ मध्ये तो बंद केला. खरा इलाज पुन्हा पैदाशीतच आहे: सपाट कातडीचे, मागच्या भागावर कमी लोकर असलेले एडके निवडणे. ऑस्ट्रेलियातील अनेक पैदासकार आता त्याच वाटेने जात आहेत. डोळ्यांवर लोकर न येणाऱ्या, उघड्या तोंडाच्या मेंढ्या पसंत करण्यामागेही व्यवहार आहे, कारण झाकलेल्या डोळ्यांच्या मेंढीला चारा आणि कोकरू दोन्ही नीट दिसत नाहीत.

भारतात मेरिनो रक्ताचा उपयोग काश्मीरच्या थंड भागात व हिस्सारडेल जातीच्या निर्मितीत झाला. महाराष्ट्रात दख्खनी मेंढीशी मेरिनो व रॅम्बुइए एडक्यांच्या संकराचे प्रयोग झाले, पण बारीक लोकर हे इथल्या धनगरांच्या उत्पन्नाचे साधन कधीच नव्हते. त्यांचा संसार चालतो तो मांसासाठी विकलेल्या जनावरांवर आणि खतासाठी शेतात बसवलेल्या मेंढरांवर. घोंगडीला तर दख्खनीची राठ, काळी लोकरच लागते.