राइशटागने 94 टक्के कार्बन कसा कमी केला, आणि आपल्या वाड्यांचं काय

जुनी वास्तू आहे, तिथे कसली एनर्जी एफिशियन्सी, सरळ पाडा आणि नवीन बांधा, असं कोणी म्हणालं की मी बर्लिनच्या राइशटागचं, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीचं उदाहरण देते. ही इमारत पाउल वालोट यांच्या डिझाइनवर 1894 मध्ये बांधून झाली, 1933 मध्ये तिला आग लागली, 1945 मध्ये युद्धात तिची पार चाळण झाली, आणि 1960 च्या दशकात तिची दुरुस्ती केली. पुढे दोन्ही जर्मनी एक झाल्यावर संसद इथेच आणायचं ठरलं, काम ब्रिटिश आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टर यांच्याकडे गेलं आणि 1999 मध्ये नवं सभागृह सुरू झालं.

60 च्या दशकात इमारतीत बसवलेली हीटिंग-विजेची यंत्रणा वर्षाला साधारण 7000 टन कार्बन डायऑक्साइड सोडायची. नव्या यंत्रणेचा अंदाज 440 टनांचा, म्हणजे जवळपास 94 टक्के कमी!

टुरिस्ट लोक वरचा काचेचा घुमट बघायला जातात, फोटो काढतात, पण तो घुमट कामाचा आहे. त्याचा व्यास 40 मीटर, मधोमध उलटा शंकू आणि त्यावर 360 आरसे. हे आरसे बाहेरचा उजेड खाली सभागृहात पाठवतात, त्यामुळे दिवसा लाइट कमी लागतात. थेट ऊन आत आलं तर उकाडा होईल, डोळे दिपतील, म्हणून एक मोठा पडदा सूर्य फिरेल तसा आतून फिरत राहतो. तोच शंकू हवा खेचायचंही काम करतो. सभागृहात बसलेल्या माणसांमुळे गरम झालेली हवा आपोआप वर चढते, शंकूतून बाहेर जाते आणि जाता जाता तिच्यातली उष्णता काढून घेतली जाते. ताजी हवा पश्चिमेकडच्या दर्शनी भागावरून आत येते, तीही 19 व्या शतकातल्या मूळ हवेच्या वाटा वापरून, आणि सभागृहाच्या फरशीखालून हळूहळू वर सुटते. वालोटच्या काळात एसी नव्हता, त्यामुळे हवा खेळवायची सोय भिंतींमध्येच करावी लागली होती, ती शंभर वर्षांनी पुन्हा कामाला लागली. मला या सगळ्या प्रोजेक्टमधलं हेच सगळ्यात आवडतं.

आता जमिनीखालचा भाग. इथे रेपसीड, म्हणजे मोहरीच्याच कुळातल्या पिकाचं तेल जाळून वीज बनवायची सोय केली. इंजिन चाललं की वीज मिळते पण उष्णताही खूप निघते, हिवाळ्यात ती हीटिंगला वापरता येते, उन्हाळ्यात मात्र तिचं करायचं काय? त्यातली थोडी उष्णतेवर चालणाऱ्या कूलिंग मशीनला द्यायची आणि उरलेली गरम पाण्याच्या रूपात जवळपास 300 मीटर खोल खाऱ्या पाण्याच्या थरात सोडायची, आणि थंडी पडली की तेच पाणी वर काढायचं, अशी योजना केली. आपण उन्हाळ्यात पापड-लोणच्यांची वर्षभराची बेगमी करतो ना, तसंच. याच्या बऱ्याच वर, जमिनीखाली साधारण 60 मीटरवरच्या दुसऱ्या थरात हिवाळ्यातला गारवा उन्हाळ्यासाठी साठवायची सोय केली.

तेलाच्या हिशोबाबद्दल मात्र एक सांगायला हवं. तेल जाळून निघालेला कार्बन पिकाने आधीच हवेतून घेतलेला असतो, म्हणून तो धरत नाहीत. शेतातली खतं, ट्रॅक्टरचं डिझेल हे मोजलं तर चित्र इतकं छान राहणार नाही. म्हणून मला तेलापेक्षा हवेच्या वाटा आणि उष्णतेची साठवण जास्त महत्त्वाची वाटते, ती इंधन बदललं तरी उपयोगी पडते.

आणि भिंती! 60 च्या दशकात आतून पॅनेल ठोकून दगड झाकून टाकला होता. ती पॅनेल काढल्यावर 1945 मध्ये सोव्हिएत सैनिकांनी कोळशाने आणि खडूने लिहिलेली नावं, गावं, तारखा सापडल्या आणि त्यातली बरीचशी तशीच ठेवली आहेत, आजही खासदार त्यांच्या शेजारून जातात. यात विज्ञानाचीही गोष्ट आहे, कारण जाड दगड दिवसभर उष्णता शोषतो आणि उशिरा सोडतो, त्यामुळे आतलं तापमान फार वरखाली होत नाही, पण मध्ये पॅनेल आलं की खोलीतली हवा आणि दगड यांची गाठच पडत नाही.

आपल्याकडे पुणे, वाई, नाशिकचे वाडे हेच करत आलेत. मधल्या चौकातून गरम हवा वर निघून जाते, जाड भिंती दुपार पुढे ढकलतात. अशा वाड्यात कॅफे किंवा ऑफिस करताना चौकावर काचेचं छप्पर टाकून तो बंद केला, चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर आणि वर ऑइल पेंट मारला, की हवा अडकते, ओल भिंतीतच कोंडते, प्लास्टर फुगतं, आणि मग प्रत्येक खोलीत एसी लावावा लागतो. वाडा पाडून फ्लॅट उभे केले तर अजून वाईट, 1 टन सिमेंट बनवताना साधारण 600 ते 900 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि जुन्या भिंती तर आयत्या उभ्या असतात.

वाडा वापरात आणायचा असेल तर आधी एक उन्हाळाभर प्रत्येक खोलीत थर्मामीटर ठेवा, दुपारची आणि पहाटेची नोंद करा, चौकाच्या बाजूच्या खिडक्या रात्री उघड्या आणि दिवसा बंद ठेवून फरक बघा, डागडुजीला चुनाच वापरा, आणि एवढं करूनही ज्या खोल्या तापतात फक्त तिथेच एसीचा विचार करा.