चॅनल एक, मॉडेल दुसरंच

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश उभ्या आहेत. त्यांच्या डेटातून चांगली इमेज काढायची तर सेल्फ-कॅलिब्रेशनला, म्हणजे त्याच डेटातून अँटेनांच्या चुका शोधून दुरुस्त करण्याला, पर्याय नाही. आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) आणि इलेक्ट्रॉनिक्समुळे प्रत्येक अँटेनाचा सिग्नल थोडा मागेपुढे, थोडा कमीजास्त होतो, मग आधी एक कच्ची इमेज काढायची, तेच आकाशाचं मॉडेल धरायचं आणि बघायचं की डेटा त्याच्याशी जुळायला कुठल्या अँटेनाला किती करेक्शन द्यावं लागतं. हे जमतं कारण अँटेना ३० पण त्यांच्या जोड्या होतात ४३५, म्हणजे शोधायचं कमी आणि माहिती भरपूर.

आता खरी गोम बघा. बँड-३ म्हणजे २५० ते ५०० मेगाहर्ट्झ, त्याचे हजारो चॅनल म्हणजे फ्रिक्वेन्सीचे बारीक तुकडे, आणि बहुतेक रेडिओ आकाशगंगा फ्रिक्वेन्सी वाढली की मंद होत जातात. हे मंद होणं म्हणजेच उतार; नेहमीचा उतार धरला तर ३०० मेगाहर्ट्झला १० जान्स्की (रेडिओ तेजाचं एकक) असलेली आकाशगंगा ५०० ला ७ च्या आसपास येते. मॉडेल मात्र सगळ्या चॅनलना एकच, समजा ४०० चं ८.२ जान्स्की, असं दिलं आणि चॅनलवार अँप्लिट्यूड सोडवलं, तर सॉफ्टवेअरला वाटतं की ३०० ला प्रत्येक अँटेनाच १० टक्के जास्त संवेदनशील आहे (मोजमाप जोडीचं असतं, त्यामुळे २२ टक्के फरक दोघांत वाटला जातो). ते इमानदारीत तेवढं करेक्शन लावतं, आणि आकाशगंगेचा खरा उतार गायब! वाईट म्हणजे इमेज दिसायला छानच येते, त्यामुळे शंकाही येत नाही. म्हणून मी म्हणेन गेनचे, म्हणजे अँटेनांच्या करेक्शनचे, प्लॉट बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका, तिसाच्या तीस अँटेना फ्रिक्वेन्सीबरोबर सारख्याच कलत असतील तर सगळ्यात आधी संशय मॉडेलवर घ्यायचा, कारण हार्डवेअरचे दोष सहसा असे एकजुटीने येत नाहीत.

त्यात डिशचा बीम, म्हणजे तिला दिसणारा आकाशाचा भागसुद्धा ३०० ला ५०० पेक्षा पावणेदोन पटीच्या जवळपास रुंद असतो, त्यामुळे कडेचे सोर्स वरच्या चॅनलमध्ये आणखीच फिके पडतात. प्रत्येकाचा उतार वेगळा, मग एका करेक्शनने सगळे कसे सुधारणार? तेजस्वी सोर्सभोवती रिंगा उरतातच.

उपाय आहे. कासा या सॉफ्टवेअरमध्ये इमेज काढणाऱ्या टीक्लीन कमांडला एनटर्म्स (मॉडेलमधल्या पदांची संख्या) २ दिलं की तेजाबरोबर उतारही मॉडेलमध्ये येतो आणि प्रत्येक चॅनलला त्याच्या फ्रिक्वेन्सीचं मॉडेल मिळतं. ३सी ४८ सारख्या कॅलिब्रेटरला, म्हणजे तेज आधीच माहीत असलेल्या सोर्सला, कासाची सेटजेवाय कमांड हे आपोआप करते, पण आपल्या टार्गेटचं आपल्यालाच बघावं लागतं.

हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची रेषा बघणाऱ्यांनी तर डबल सांभाळायला हवं. रेषा नसलेल्या चॅनलवर गेन काढा आणि तेच रेषेच्या चॅनलना लावा, नाहीतर टार्गेटवरच चॅनलवार गेन सोडवला आणि मॉडेलमध्ये रेषा नसली तर शोषणरेषा बँडपासमध्ये, म्हणजे चॅनलवार करेक्शनमध्येच, जिरून जाते, ज्यासाठी रात्रभर ऑब्झर्व्ह केलं तीच गोष्ट जाते. आणि जुळवणी चॅनलच्या नंबरने नको, फ्रिक्वेन्सीने करा. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने फिरते, त्यामुळे दुर्बिणीच्या फ्रेममधली (म्हणजे दुर्बीण स्थिर धरून मोजलेली) आणि सूर्याच्या फ्रेममधली रेषा १४० किलोहर्ट्झपर्यंत सरकू शकते. ४०० मेगाहर्ट्झचे ८१९२ चॅनल केले तर एक चॅनल येतो ४९ किलोहर्ट्झचा, म्हणजे फ्रेम चुकली की मॉडेल सरळ तीन चॅनलपर्यंत बाजूला जाऊन बसू शकतं.